रुसाईचं फिरवलेलं तोंड

या वर्षी चैत्री पौर्णिमेला नंदा माहेरी जाणार होती, आणि तिला अडवणारा माणूस अजून जन्माला यायचा होता. अडवणारी बाई मात्र पाऊणशे वर्षांपूर्वीच जन्माला आली होती. तिचं नाव तानूबाई. ती नंदाची सासू.

नंदाचं सासर राजुरीला आणि माहेर मंचरच्या पलीकडे, आंबेगाव तालुक्यात. सकाळी डबा भरून निघालं तर भाजी गार व्हायच्या आत पोचावं, एवढंच अंतर. अर्थात मंचरमध्ये कांद्याच्या ट्रकांनी जाऊ दिलं तर. माहेरच्या गावची यात्रा चैत्री पौर्णिमेला, आणि यात्रेत बैलगाड्यांची शर्यत. मधली काही वर्षं कोर्टाची बंदी होती. ती उठली, घाट, म्हणजे शर्यतीची चढणीची वाट, पुन्हा दणाणू लागला, आणि या वर्षी नंदाच्या धाकट्या भावाचे, सावळेरामचे, बैल पहिल्यांदाच त्या घाटात पळणार होते.

"अक्का, आपली बारी दुपारी बाराच्या सुमाराला हाये," त्याने फोनवर सांगितलं. "तू आली न्हाईस तर मी बैल जुंपणारच न्हाई."

बारी म्हणजे काय, तर बैल सुटतात, घाट चढून जातात, माणसं ओरडतात, संपलं. दहा-बारा सेकंदांचं काम. तेवढे दहा-बारा सेकंद नंदाला लग्न झाल्यापासून एकदाही मिळाले नव्हते. कारण रुसाई.

रुसाई ही नंदाच्या सासरची देवी. तिला देऊळ नाही, आरती नाही, आणि पंचक्रोशीत दुसऱ्या कुणाच्या घरात ती नाही. नंदाच्या देवघरात खंडोबा, बिरोबा आणि म्हाळसा यांचे टाक, म्हणजे देवाची प्रतिमा उठवलेले चांदीचे छोटे पत्रे, ओळीने मांडलेले होते. सगळे समोर बघणारे. ओळीच्या टोकाला शेंदराच्या गोळ्यात रुतवलेली रुसाई. आकाराने अंड्याएवढी, रंगाने नारिंगी-तपकिरी, भोवती काळवंडलेली धातूची कड, आणि मधोमध दुधासारख्या पांढऱ्या रंगात कोरलेलं बाईचं तोंड. केस मोकळे, केसांत द्राक्षांचा घड, आणि तोंड बाजूला फिरवलेलं. सरळ नाक, मिटलेले ओठ, एकच डोळा, तोही भिंतीकडे. पुढ्यात उभ्या असलेल्या माणसाकडे बघायची तिची तयारीच नव्हती. म्हणून तिचं नाव रुसाई.

केसांतली द्राक्षं बघून नंदाच्या नवऱ्याने, बाळासाहेबांनी, बागेतला पहिला घड मोठ्या आशेने तिच्यापुढे ठेवला होता. त्या वर्षी गारा पडल्या. रुसाईने तेव्हाही तोंड फिरवलेलंच होतं.

ती रुसली कुणावर, हे तानूबाईने घरात आलेल्या नव्या नवरीला, म्हणजे नंदाला, हळद उतरायच्या आतच सांगून टाकलं होतं. ती रुसली थोरल्या सुनेवर. थोरल्या सुनेने चैत्री पौर्णिमेला उपाशीपोटी पुरण शिजवायचं, बारा वाजता निवद दाखवायचा आणि दिवस मावळेपर्यंत उंबरा ओलांडायचा नाही. हे सगळं मनापासून केलं, तर एक दिवस रुसाई तोंड फिरवून समोर बघेल.

नंदाने मनापासून केलं. मग सवयीने केलं. मग दात-ओठ खाऊन केलं. दरवर्षी दिवेलागणीला तानूबाई देवघरात वाकून बघायची आणि बाहेर येऊन जाहीर करायची, "न्हाई बघितलं. सुनेच्या हाताला गुणच न्हाई."

वर्षाचे बाकीचे दिवसही काही सुखाचे नव्हते. दूध नासलं, म्हैस आटली, विहिरीवरची मोटार जळली, की तानूबाई एक अक्षर बोलायची नाही. फक्त देवघराकडे बघायची. नंदाला राग आला होता तो लग्नाच्या पहिल्या वर्षी, आणि तो कधी उतरलाच नाही. कुरडयांच्या डब्यात दर उन्हाळ्यात भर पडते, तशी त्यात दर चैत्रात भर पडत गेली.

पौर्णिमा चार दिवसांवर आली तेव्हा बाळासाहेब आईला नारायणगावला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. तानूबाईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, त्याची तपासणी होती. घर मोकळं बघून नंदाने देव उजळायला काढले. चिंच घेतली, राख घेतली, टाक घासून लख्ख केले. रुसाईला चिंच लावायची नाही, तिला फक्त हळद-कुंकू, असा तानूबाईचा नियम होता. त्या दिवशी नंदाचा हात थांबला नाही.

"उगं तोंड वाकडं करून बसलीय," असं म्हणत तिने रुसाईला शेंदराच्या गोळ्यातून उचकटलं, उलटं केलं आणि खसाखसा घासलं.

मागून पिन निघाली.

चांगली बोटाएवढी पिन. एका टोकाला बिजागरी, दुसऱ्या टोकाला अडकवायचा आकडा. नंदा पाटावर बसूनच राहिली. खंडोबाला पिन नव्हती. बिरोबाला नव्हती. म्हाळसेला, बाई असूनही, नव्हती.

तिची मुलगी ऋतिका पुण्यात कॉलेजात शिकत होती आणि सुट्टीला आली होती. तिने येऊन बघितलं.

"मम्मी, हा ब्रोच आहे."

"कशाचा?"

"कशाचा नाही. नुसता ब्रोच. खांद्यावर लावतात, शोभेला."

ऋतिकाने रुसाईचा फोटो काढला आणि फोनला विचारलं. क्षणभरात फोन रुसाईच्या बहिणींनी भरून गेला. कुणी गुलाबी, कुणी काळी, कुणी निळी. सगळ्यांची तोंडं बाजूला.

"ह्या समद्याच रुसल्यात व्हय?"

"कुणी रुसलेलं नाही गं. याला कॅमिओ म्हणतात. शिंपल्यावर कोरतात. चेहरा असाच बाजूने काढायची पद्धत आहे."

"समद्यांचाच?"

"जवळजवळ सगळ्यांचाच."

"मंजी म्या सोन्याचं पुरण शिजवलं असतं तरी ती वळणार नव्हती."

"कशी वळेल? कोरलेली आहे ती."

नंदा गप्प झाली. ती गप्प झाली की ऋतिका दोन पावलं मागे सरकायची, तशी ती सरकली.

"फोनवरचं आत्याबाई मानायच्या न्हाईत," शेवटी नंदा म्हणाली. "मला एक माणूस पायजे. शिकलेलं, चष्म्याचं, ठणकावून सांगणारं."

असं माणूस ऋतिकाकडे होतं. तिच्या कॉलेजातल्या सोनल मॅडम जुन्या दागिन्यांचा अभ्यास करायच्या. त्यांना फोटो गेले आणि पाचव्या मिनिटाला त्यांचाच व्हिडिओ कॉल आला. चष्मा होता. नंदाला बरं वाटलं.

"सुंदर आहे हो," मॅडम म्हणाल्या. "पण खूपच स्वच्छ दिसतोय. कशाने साफ केलात?"

"चिंचेनं."

मॅडम तिकडे खुर्चीतून उठल्याच. "चिंचेने? अहो, शिंपला आहे तो. आंबटाने विरघळतो. नाक-डोळे जातील तिचे."

"जाऊ द्या," नंदा म्हणाली. "कुठं समोर बघतीय."

मॅडमना एक खात्री करून घ्यायची होती. अंधाऱ्या जागी नेऊन मागून उजेड धरायचा. खरा शिंपला असेल तर उजेड चेहऱ्यातून आरपार येतो. राजुरीच्या त्या घरात भरदुपारी अंधार एकाच ठिकाणी असायचा, देवघरात. मायलेकी आत गेल्या. ऋतिकाने एका हातात कॉल चालू असलेला फोन धरला, दुसऱ्या हाताने आईच्या फोनचा टॉर्च लावला, आणि नंदाने रुसाईला चिमटीत पकडून टॉर्चच्या पुढे धरलं.

नेमकी तेव्हाच तानूबाई नारायणगावहून परत आली.

डोळ्यांवर डॉक्टरने दिलेला काळा चष्मा, बाहेर रणरणतं ऊन, आत मिट्ट काळोख. तिला सून दिसली नाही, नात दिसली नाही. तिला दिसली फक्त रुसाई. हवेत अधांतरी, निखाऱ्यासारखी पेटलेली. आणि त्याच वेळी त्या काळोखातून एका अनोळखी बाईचा स्पष्ट, शहरी आवाज आला.

"हां. आता मला सगळं दिसतंय."

तानूबाई जागच्या जागी आडवी झाली. कपाळ फरशीला टेकलं.

"बाई, चुकलं माझं. कोप करू नगं," ती म्हणाली. "तू कुठली कोण, मला ठावं न्हाई. साहेबाच्या पडक्या बंगल्यामागं मेंढरं बसवली व्हती, तितं मेख उपटताना तू मातीतनं वर आलीस. मीच तुला देवी केलं."

टॉर्च हलला नाही. नंदाही हलली नाही.

"पोटुशी व्हते मी," तानूबाई फरशीशीच बोलत राहिली. "चैत्राच्या पुनवेला सुनांनी मेंढरांच्या तळावर जायचं असायचं. डोक्यावर बिऱ्हाड, उन्हातानात चालायचं. मी म्हणले, देवी सापडलीय, लई रुसलीय, म्हणतीय थोरल्या सुनेनं पुनवेला उंबरा वलांडायचा न्हाई. सासरा भ्याला. त्या दिशी ऱ्हायलं ते ऱ्हायलं, मागनं पोचवायला कोण येतंय? एकदा म्हणले, मग दरसाली म्हणावं लागलं. आता तू खरीच निघालीस तर माझा काय इलाज?"

"मंजी तुझ्या बदली मी गेले ती ह्याच्यापायी," दारातून आवाज आला.

दारात प्रयागबाई उभी होती. तानूबाईची धाकटी जाऊ, शेजारच्याच घरात राहणारी. डोळ्यांची विचारपूस करायला आली होती.

तानूबाईने मान वर केली. "प्रयागे, तू कवा आलीस?"

"चैत्रात गेले ती आखाडात आले, अक्का. आता इचारतीस व्हय?"

ऋतिकाने टॉर्च बंद केला. रुसाई विझली. तानूबाईने काळा चष्मा वर सरकवला, सुनेच्या चिमटीतली रुसाई पाहिली, नातीच्या हातातला फोन पाहिला आणि गुडघे झाडत उठली.

"कसला उजेड व्हता तो?"

"मोबाइलचा, आजी."

"मग मी काय बोलले न्हाई."

"समदं बोललाव," नंदा म्हणाली. तिचा आवाज इतका हळू होता की बाळासाहेब डोळ्यांच्या थेंबांची बाटली घेऊन ओट्यावरच थांबले. "हाताला गुण न्हाई म्हणलाव. म्हैस आटली तर देवघराकडं बघितलंत. बाप आजारी व्हता त्या चैत्रात म्या हात जोडले व्हते तुमाला, आत्याबाई, एक दिवस जाऊ द्या म्हणून. तवाबी हिचंच नाव सांगितलंत."

"मग काय करायचं व्हतं? देवीचा शब्द फिरवायचा? गावाला काय सांगू, देवीचं मत बदललं?"

"माझे पाय सुजले व्हते त्या साली," प्रयागबाई म्हणाली. "अजून सुजत्यात."

"तुझे पाय म्हातारपणानं सुजत्यात."

"हॅलो?" फोनमधून सोनल मॅडमचा आवाज आला. "मी सांगू का? इटलीतला आहे, नेपल्स बाजूचा. दीडशे वर्षं तरी झाली असतील. तिकडे प्रवाशांना विकायला असे पुष्कळ कोरायचे. आपण महाबळेश्वरहून नक्षीची काठी आणतो ना, तसा. एखाद्या साहेबाच्या बायकोने आणला असेल आणि इथे हरवला असेल."

"आन ही बाई कोण?" नंदाने विचारलं.

"केसांत द्राक्षं आहेत, त्यावरून कळतं. त्यांच्या पुराणात दारूचा एक देव आहे. त्याच्यामागून पिऊन नाचत जाणाऱ्या बायका असत. त्यातली एक."

"पिऊन?"

"हो. चांगल्या धुंद होऊन."

नंदाने रुसाईला तळहातावर घेतलं आणि जवळून निरखलं.

"उपाशी मी," नंदा म्हणाली. "आन पिऊन ही."

ओट्यावरून बाळासाहेबांचा आवाज आला. "तरीच ती पावली न्हाई. आपल्या बागेत खायची द्राक्षं. तिला दारूची जात लागत व्हती."

चौघी बायकांनी एकदम त्यांच्याकडे पाहिलं. त्यात फोनमधल्या मॅडम धरलेल्या नाहीत. बाळासाहेब थेंबांची बाटली ओट्यावर ठेवून बागेकडे निघून गेले.

पण प्रकरण घरात राहायचं नव्हतं. तानूबाई आडवी पडली तेव्हा तिच्या आवाजाने गल्लीतला भागू धावत येऊन खिडकीशी उभा राहिला होता. खिडकी कसली, हवेपुरतं भोक. त्यातून त्याने निखाऱ्यासारख्या रुसाईचा फोटो काढला आणि म्हातारीला सावरायला कुणाला तरी बोलवावं या विचाराने नव्हे, तर नेटवर्क मिळावं म्हणून चौकात पळाला. पुढचं काही त्याने ऐकलंच नाही. संध्याकाळपर्यंत 'राजुरीत रुसाई प्रकटली' असं लिहिलेला तो फोटो वारूळवाडीपर्यंत पोचला होता. तिथल्या महिला मंडळाचा फोन आला: पुनवेला टेम्पो करून दर्शनाला येतो, बाकी काही नको, फक्त चहा.

"या की," तानूबाईने फोनवर सांगितलं. फोन ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं की शेजारच्या ओट्यावर प्रयागबाई बसली आहे, आणि ती पुनवेलाही तिथेच बसणार आहे.

रात्रीच्या जेवणाला नंदाने भाकरी वाढली आणि सांगून टाकलं, "पुनवेला मी माहेरी चालले. कुणी काय बोलायचं न्हाई."

"जा की," तानूबाई म्हणाली.

नंदाने भांडायला तोंड उघडलं होतं, ते तसंच राहिलं.

"मीबी येते," तानूबाईने भाकरी मोडली. "वारूळवाडी दारात येणार, आन प्रयागी समद्यांना सांगत बसणार. मी हितं थांबू? आन मी तरी कुठं यात्रा बघितलीय? तू यायच्या आधी उंबरा मलाच व्हता."

नंदाने बाळासाहेबांकडे पाहिलं. बाळासाहेब पिठल्याकडे बघत होते.

माहेरची यात्रा तिला पाहिजे होती, हे खरं. पण सासूशिवायचा एक दिवस तिला त्याहून जास्त पाहिजे होता. हे कुणाला सांगायची सोय नव्हती.

पौर्णिमेला सकाळी पिकअप निघाली. पुढच्या सीटवर तानूबाई. मागे, उन्हात, नंदा आणि ऋतिका. तानूबाईच्या खांद्यावर, नऊवारीच्या पदरावर, रुसाई टोचलेली होती.

"पिन लावायलाच हाये म्हणली ना तुझी मॅडम," ती नातीला म्हणाली. "देवी घरी ठेवली तर निवद कुणी दाखवायचा?"

नंदाला तेव्हाच कळायला हवं होतं. पण मंचरमध्ये गाडी कांद्याच्या ट्रकांमागे अडकली होती, ऊन डोक्यावर होतं, आणि तिच्या रागाला तेवढ्यापुरतं ट्रकवाल्यांचंही काम होतं.

माहेरी सगळं गाव ओट्यावर उभं होतं. लेकीची सासू घर पाहायला पहिल्यांदाच आली होती. भावजयीने पायांवर पाणी घातलं, सावळेरामने नवं लुगडं दिलं, घाटाच्या अगदी तोंडाशी खुर्ची ठेवली आणि वर छत्री धरायला माणूस उभा केला. लुगडं मांडीवर घेऊन तानूबाईने खांद्यावरची रुसाई काढली आणि नंदाच्या हातावर ठेवली.

"हिला तुमच्या देवघरात ठेव. आन बाराला निवद दाखव."

"आत्याबाई, ती पिणारी बाई हाये."

"असंल. पण इतकी वर्सं तिनं आपल्या घरची पुरणपोळी खाल्लीय. आता ह्या वयात तिची सवय मोडायची?"

"आजच्या दिवस ऱ्हाऊ द्या. बारालाच भावाची बारी हाये."

"यात्रेच्या दिशी, तुझ्या माहेरात, देवी उपाशी ठेवतीस? नाव कुणाचं जाईल?"

नंदाने भावाकडे पाहिलं. तिच्याशिवाय बैल जुंपणार नाही म्हणणारा भाऊ.

"अक्का, कर की चार पोळ्या," सावळेराम म्हणाला. "आत्याबाई पयल्यांदा आल्यात. किती येळ लागतोय?" आणि तो बैलांना गुलाल लावायला गेला.

नंदाने पुरण वाटलं ते असं, की भावजय स्वयंपाकघराच्या दारातूनच मागे फिरली. लाटणं पोळपाटावर आपटत होतं. बाहेर लाउडस्पीकर एकेक नाव पुकारत होता, बाऱ्या सुटत होत्या, आरोळ्या उठत होत्या. चौथी पोळी तव्यावर असताना स्पीकरवरून सावळेरामचं नाव आलं.

नंदाने गॅस बंद केला नाही, पदर खोचला नाही. ती लाटणं हातात घेऊनच पळाली. ओटा, गल्ली, पारापाशी लावलेल्या मोटारसायकली, रसवंतीची गाडी. वाट मिळेना तेव्हा तिने लाटणं उगारलं, मग मिळाली. घाटाच्या काठाशी ती पोचली तेव्हा आरोळी उठून संपली होती. समोर फक्त धूळ होती, आणि त्या धुळीत लोक टोप्या उडवत होते.

खुर्चीतून तानूबाईने मान वळवली. तिच्या पदरावर गुलाल पडला होता. चेहरा पोरीसारखा फुलला होता.

"कुठं व्हतीस गं? लई पळाले तुझ्या भावाचे बैल. असं कधी बघितलं न्हाई मी."

नंदाने लाटण्यावर बसलेली धूळ पदराने पुसली.

"फुडच्या साली पुरण आदल्या दिशीच शिजवून ठेवत जा," तानूबाई म्हणाली. "मंजी बारी घावंल तुला बघायला."

नंदा घरी परतली. तव्यावरची पोळी जळून काळी झाली होती. ती तिने फेकली. बाकीच्या तीन केळीच्या पानावर मांडल्या, वर तूप ओतलं, दूध ओतलं. देवघरात रुसाई भिंतीकडे तोंड करून बसली होती. नंदा पान घेऊन देवघराच्या दारापर्यंत गेली, जरा थांबली आणि तशीच परसात गेली. परसात सावळेरामचे बैल आणून बांधले होते. त्यांच्या नाकपुड्या अजून फुलत होत्या, अंगावरून घाम आणि गुलाल गळत होता. तिने पान त्यांच्या पुढ्यात धरलं.

थोड्या वेळाने छत्रीवाल्यासकट तानूबाई आली.

"निवद दाखवलास?"

"दाखवला."

"गोड मानून घेतला ना?"

"घेतला," नंदा म्हणाली. "पानासकट."